डिरेक्टरीच्या पानाखालचा केस

दीदी, तुमची ती टेलिफोन डिरेक्टरी आता माझ्याकडे आहे. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिक्खू निघून गेले, अंगणात पंगत बसली, आणि भाऊजी आतून ती घेऊन आले. "कुंदानं सांगून ठेवलं होतं, हे वर्षाले द्यायचं," एवढंच म्हणाले. जुन्या ओढणीत गुंडाळलेली, कोपरे झिजलेली, जिच्यातला एकही नंबर आता लागत नाही अशी डिरेक्टरी. तुमच्या भाचीला वाटलं, मी रद्दी उचलून नेऊन राहिले. तेव्हापासून ती माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या वरच्या फळीवर पडून होती. रोज सकाळी चहा ठेवला की नजर तिकडे जायची, पण उघडली मात्र नाही.

मी थकले आहे दीदी. रडून नाही, ते तर केव्हाच झालं. तुमच्याबद्दल लोकांशी बोलून थकले. कॉलेजात शोकसभा झाली, प्रत्येकानं उठून सांगितलं की मैडमच्या हातात जादू होती. मला बोलायला उभं केलं तर मी म्हणाले, घसा बसला आहे. घसा चांगला ठणठणीत होता. जादू हा शब्द तुम्हाला किती चीड आणायचा ते मला माहीत होतं, आणि त्यापुढे जे सांगायला हवं होतं ते सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून ते इथं लिहून राहिले, तुमच्यापुढे. दुसऱ्या कोणापुढे लिहू?

आधी डिरेक्टरीचंच लिहिते. फिजिओथेरपी कॉलेजात नवी बॅच आली की पहिल्या सोमवारी ना पुस्तक, ना हाडांचा सापळा. तुम्ही आपल्याच डोक्याचा एक केस उपटायच्या, डिरेक्टरीच्या पानाखाली ठेवायच्या आणि पोरांना म्हणायच्या, डोळे मिटा, बोटांनी शोधा. आधी एका पानाखाली, मग तीन, मग सात. दाबायचं नाही, दाबलं की केस हरवतो. ही पद्धत तुम्ही एका परदेशी ऑस्टिओपॅथीच्या मास्तरांकडून शिकून आल्या होत्या. त्या काळात रायपुरात ऑस्टिओपॅथी म्हणजे काय हे सांगता सांगता तुमची दमछाक व्हायची. शेवटी हात टेकलेत आणि म्हणू लागलात, हातानं पाहायचं आणि हातानंच दुरुस्त करायचं, बास.

मी तुमच्या पहिल्या बॅचची. दोघींची माहेरं रेल्वे क्वार्टरातली, दोघींचे बाप गोंदियाकडून आलेले, म्हणून मला वाटलं होतं तुम्ही मला जरा सांभाळून घ्याल. चौथ्या पानावर माझं बोट एका जागी थांबलं. वाटलं इथंच आहे. पण सगळे गप्प होते, चुकलं तर हसतील म्हणून मी बोट तसंच पुढे सरकवलं. तुम्ही पान उलटलंत. केस बरोबर तिथंच होता. "तुझं बोट थांबलं होतं, मी पाहिलं," तुम्ही म्हणालात. "तोंड काहून नाही उघडलं?" मग सगळ्या वर्गाला तुमचा नियम सांगितलात. बोटाला कळलं की तोंडानं तिथल्या तिथं बोलायचं. चुकलं तरी चालते. गप्प बसलेलं चालत नाही.

नियम मला तेव्हापासून पाठ आहे दीदी. मी स्वतः बारा बॅचना तो शिकवला आहे.

शहराच्या टोकाला, कारखान्यांच्या वस्तीतलं बीरगांवचं केंद्र ही तुमची जिद्द. कॉलेजवाल्यांना तेलीबांध्याला काचेचं क्लिनिक पाहिजे होतं, तलावाकडे तोंड करून, एसी वगैरे लावून. मलाही तेच पाहिजे होतं, खोटं काहून बोलू? तुम्ही मात्र मीटिंगमध्ये उठून म्हणालात की तेलीबांध्याच्या पाठींना पाहणारे पुष्कळ आहेत, तिकडे उरला भागातल्या कारखान्यांत लोखंड उचलणाऱ्या पाठींना कोण आहे? आणि मिळवल्यात दोन खोल्या, पत्र्याच्या छपराच्या, मंगळवार आणि शुक्रवारसाठी. पहिल्या महिन्यात चिटपाखरू फिरकलं नाही. लोक बैगाकडे जायचे, झाडफूक करून घ्यायचे, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात सुई टोचून घेऊन पुन्हा पाळीवर हजर व्हायचे.

मग ती म्हातारी आली, आठवते? लेकीच्या खांद्यावर हात टाकून, अर्धी वाकलेली. "कनिहा पिराथे, नोनी," म्हणाली. मी तुमच्याकडे पाहिलं. कनिहा पिराथे म्हणजे कंबर दुखते हे सुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं, रायपुरात जन्मून. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात आणि पाऊण तास तिच्याशी बोलत राहिलात, पारा म्हणजे मोहल्ला कोणता, नातवंडं किती, पाण्याचे हंडे किती दुरून आणता. तिसऱ्या वेळी ती सरळ चालत आली आणि सोबत आख्खा पारा घेऊन आली. त्यानंतर भनपुरीच्या ट्रान्सपोर्टातले हमाल यायला लागले, ट्रक खाली करून, आंघोळ न करता. पोरं नाकं मुरडायची. तुम्ही म्हणायच्या, घामाच्या पाठीवर हात सरकतो, कळते जास्त. लोकांनी आपलं नाव पाडलं हड्डी कॉलेज. ऑटोवाल्यालाही कॉलेजचं खरं नाव सांगितलं तर समजत नाही, हड्डी कॉलेज म्हटलं की थेट दारात आणून सोडतो.

आपलं भांडण त्या केंद्रावरूनच होतं आणि ते तसंच राहून गेलं. मी म्हणायची, दीदी, आपण बीरगांवच्या पाठींवर पोरांचे हात तयार करतो आणि हात तयार झाला की पोरं बंगलोरला नाहीतर दुबईला जातात. बीरगांवला काय उरते? तुम्ही म्हणायच्या, मंगळवार उरतो, शुक्रवार उरतो. मला हे उत्तर कधी पटलं नाही. अजून पटत नाही. पण तुम्ही गेल्यावर तीन शुक्रवार केंद्र बंद राहिलं तर शिपायाच्या फोनवर रोज कोणीतरी विचारायचं, मैडम कब आहीं, कधी येणार. त्यांना मी काय सांगणार होते?

आता ते लिहिते, जे लिहायचं टाळून इतकं सगळं लिहिलं.

दिवाळीनंतर तुमची पाठ धरली. स्कूटीचे दचके, तुम्ही म्हणालात. वय झालं, मी म्हणाले, तर पाठीत धपाटा घातलात. शुक्रवारी पेशंट संपले की तुम्ही त्याच बाकावर पालथ्या पडायच्या आणि म्हणायच्या, "पोट्टे, हात लाव जरा." मी हात लावायची. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मी एकदा म्हणाले, एक्स-रेचा फोटो काढून घेऊ का? "आपल्या दोघींचे हात असताना फोटो कशाला?" तुम्ही हसलात. मी पण हसले. आपल्याला किती मस्ती होती दीदी आपल्या हातांची. एखाद्या हमालानं सांगितलं असतं की झोपेत दुखून जाग येते, तर आपण त्याला त्याच दिवशी हाकललं असतं एक्स-रेला. तुम्ही मला तीनदा सांगितलंत की झोप लागत नाही. मी उशी बदला म्हणाले.

आणि संक्रांतीला तुमचा कुर्ता ढगळ झाला होता तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे ना? दीदी, बारीक झालात, मस्त दिसून राहिल्या. तुम्ही खूश झालात. हे आठवलं की मला माझं तोंड झोडून घ्यावंसं वाटते.

त्यानंतरच्या शुक्रवारी तुमच्या कमरेवरून माझा हात खाली येत होता आणि एका मणक्यापाशी थांबला. दाबलं नव्हतं मी. तुम्हीच शिकवल्याप्रमाणे नुसता ठेवला होता. आजूबाजूचे स्नायू रोजच्यासारखे आखडलेले नव्हते, ते काहीतरी झाकून बसले होते. हे मी कोणत्याही पुस्तकातल्या शब्दात सांगू शकत नाही. एवढं आठवते की बाहेर हँडपंपावर कोणीतरी बादली आपटली आणि मी हात पुढे सरकवला. तुम्ही विचारलं नाही, मी बोलले नाही. उठताना तुम्ही म्हणालात, "तुझा हात आता माझ्यासारखा झाला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. मी ते ऐकलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आले.

काहून गप्प बसले? तुम्ही माझ्या गुरू, तुमच्या स्वतःच्या पाठीत तुम्हाला जे कळलं नाही ते मला कळलं असं कसं म्हणायचं, हे एक. चुकलं तर तुम्ही हसाल, हे दुसरं. आणि खरं सांगू, खरं निघालं तर काय, हे तिसरं. पुढचे पाच शुक्रवार मी त्या जागेवरून हात जरा लवकर नेत होते. मग एक दिवस तुम्हाला जिना उतरता आला नाही. एमआरआयमध्ये कॅन्सर निघाला, तो मणक्यात सुरू झालेला नव्हताच, दुसरीकडून आलेला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, दीड महिना आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. असेल. डॉक्टरांनी असं म्हणायचंच असते, आपणही पेशंटच्या घरच्यांना म्हणतो. पण तो दीड महिना तुम्ही भाजी निवडत, बॅचची हजेरी घेत, दुखणं गिळत काढला. निदान दुखणं थांबवणारी गोळी तरी आधी मिळाली असती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी डिरेक्टरी हातात देऊन झाल्यावर भाऊजी लगेच गेले नाहीत. मोरीपाशी उभे राहिले आणि हळूच विचारलं, "वर्षा, तू तर दर हप्त्याले तिची पाठ पाहत होती. तुझ्या हाताले काहीच लागलं नाही का व?"

"नाही भाऊजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पाहुण्यांना भात वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मला यापुढे फक्त थिअरी द्यावी, बीरगांव केंद्रातून मोकळं करावं, तब्येतीचं कारण. प्रिन्सिपल सरांकडे जायला मन होत नव्हतं म्हणून अर्ज पर्समध्ये फिरत राहिला. चौथ्या शुक्रवारी शिपायाचा फोन आला की पंधरा माणसं दारात बसली आहेत, काय सांगू? मी म्हटलं, येते. शेवटचं म्हणून गेले.

अकरावा पेशंट होता रोलिंग मिलमधला, पंचेचाळिशीचा, गप्प. कंबर दुखते, बास. मी हात ठेवला. आणि एका जागी तो थांबला. तुमच्यासारखंच होतं असं म्हणणार नाही, आता मला सगळ्याच पाठी तुमच्यासारख्या वाटतात. दोन विद्यार्थिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "इथं मला काहीतरी वेगळं लागून राहिलं. काय ते मला कळत नाही. आजच एक्स-रे करा, रक्त तपासा, मगच मी हात लावीन." एक पोट्टी हळूच म्हणाली, "मैडम, मुझे तो नॉर्मल लगा." मी म्हटलं, लागलं असेल, तू चांगलं केलंस की बोललीस.

मंगळवारी तो माणूस रिपोर्ट घेऊन आला आणि टेबलावर आपटला. काहीच निघालं नव्हतं. साधी कंबर. "फालतू में मोर हाजिरी गे, मैडम," तो म्हणाला, एका दिवसाची मजुरी बुडाली होती त्याची, आणि दहा मिनिटं सगळ्यांसमोर मला बोलत राहिला, की हड्डी कॉलेजवाल्यांना आता हातानं कळत नाही, कागद लागतो. मी ऐकून घेतलं. हव भैया, चुकलं माझं, म्हणाले. मग त्याला पालथं झोपवलं आणि पाठ नीट केली. दीदी, कितीतरी दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला होता. चुकलं आणि चाललं.

तिथूनच मी तुमच्या घरी गेले. दुपारचे चार, ऊन नुसतं भाजत होतं. भाऊजी खिडकीच्या कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होते. बस म्हणाले. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले, माझ्या हाताला लागलं होतं, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, मी बोलले नाही, आणि त्यानंतरही पाच शुक्रवार बोलले नाही.

कूलर भरून वाहायला लागला. भाऊजींनी नळ बंद केला, पाइप गुंडाळला, पाय पुसले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी जेवताना कुंदा म्हणाली, आज वर्षाचा हात थांबला. एका जागी. मी म्हटलं, मग विचारलं काहून नाही तिले? तर म्हणे, पाहू, पोट्टी बोलते का."

मी खाली बसले.

"दर शुक्रवारी घरी आली की मी विचारत होतो, बोलली का? ती म्हणे, अजून नाही," भाऊजी म्हणाले. "तिले पण भेव वाटत होतं, वर्षा. तू बोलली असती तर तिले जावं लागलं असतं दवाखान्यात. तू नाही बोलली तं तिले बरंच वाटत होतं. मी पण मग विचारणं बंद केलं."

"मग त्या दिवशी मला का विचारलं तुम्ही?"

"तू सांगशील म्हणून."

आम्ही चहा प्यायलो. साखर त्यांनीच टाकली, जास्त. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जय भीम म्हणाले, आणि मंगळवारी बीरगांवहून येताना चक्कर टाकत जा, इतकंच म्हणाले.

आता तुमच्याशी भांडते. दीदी, तो काही वर्ग नव्हता. तुमच्या पाठीवर माझा हात थांबला हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही पाच शुक्रवार माझी परीक्षा घेत पालथ्या पडून राहिलात? आणि परीक्षाही नव्हती ती, नाव फक्त परीक्षेचं होतं. तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, मला सांगायचं नव्हतं, आणि दोघी एकमेकींच्या गप्प बसण्यावर टेकून होतो. सगळ्या बीरगांवला बोलतं केलंत तुम्ही. म्हातारीला पाऊण तास बोलतं केलंत. आणि स्वतःच्या वेळी ही अशी. तुम्ही समोर असता तर मी खरंच रागावले असते आणि तुम्ही म्हणाला असता, हो बाप्पा, चुकलं. एवढं ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

राग आहे आणि त्याच्या आत दुसरंही आहे. मला वाटायचं की माझ्या हाताला कळलं हे जगात कोणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. त्या शुक्रवारी "तुझा हात माझ्यासारखा झाला" म्हणालात ते उगीच कौतुक नव्हतं. माझ्या हाताला कळलं होतं, म्हणून म्हणालात. इतक्या वर्षांत एकदाच पास केलंत, आणि तेव्हाच मी नापास झाले. तुम्हीही झालात. मी त्याचं काय करू तेच कळत नाही.

अर्ज अजून पर्समध्येच आहे. फाडला वगैरे नाही. त्याच्या पाठीमागे मी बीरगांवच्या पेशंटची नावं लिहिली आहेत, कागद नव्हता दुसरा.

काल सोमवार होता, नव्या बॅचचा पहिला. सकाळी डबा भरल्यावर स्टूल घेतलं आणि फळीवरून डिरेक्टरी उतरवली. वर्गात ओढणी सोडली. अठ्ठावीस पोरं, बहुतेक आसपासच्या गावांतली, दोन आपल्याकडची, मराठी समजणारी पण उत्तर हिंदीत देणारी. मी माझा एक केस उपटला. पांढरा निघाला. एकीला सांगितलं, हा कुठेही ठेव, किती पानांखाली ते मला सांगू नको. डोळे मिटले आणि बोटं ठेवली. कागद अजून तुमच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. खूप वेळ काही लागलं नाही, पोरं चुळबुळ करायला लागली. मग बोट थांबलं.

"इथं," मी म्हणाले. मोठ्यानं.

पान उलटून पाहायच्या आधी मी त्यांना नियम सांगितला. तुमचाच, जसाच्या तसा. बोटाला कळलं की तोंडानं तिथल्या तिथं बोलायचं, चुकलं तरी चालते, गप्प बसलेलं चालत नाही. आणि त्यापुढे माझं एक वाक्य जोडलं, तुम्हाला न विचारता. ज्याच्या पाठीवर हात आहे, त्याला कळलं की हात थांबला, तर त्यानंही विचारायचं.